काटा हलू नये म्हणून

रविवारी शॉवरचा दांडा सुनेच्या हातातच आला,
डोक्यावर शाम्पूचा फेस तसाच,
आणि भिंतीतून तांबूस पाणी.
धनकवडीतला आमचा तिसरा मजला:
धरणाचं पाणी सकाळी दीड तास,
मग दिवसभर बोअर,
एप्रिलपासून टँकर, तोही असला
की साबण हात जोडतो.

गफूर शिकलगार आला मंगळवारी,
सोमवारी दोनदा "निघालोच" म्हणून.
बोटाच्या पेराने टाइल वाजवत गेला,
एकच फोडली,
आणि भिंतीच्या पोटातलं काढून
माझ्या तळहातावर ठेवलं.
जीआयचा निपल म्हणे.
आटे नव्हतेच त्याला. होता नुसता भुगा,
पाण्यात पडलेल्या नाचणीच्या भाकरीसारखा.
गीझरकडून येणारा तांब्याचा पाइप मात्र
खणखणीत.
"ह्याला काय धाड भरलीय," गफूर म्हणाला,
"ह्याच्यापायी तो गेला."

एकतीस वर्षं मी शाळेत प्रयोगशाळा परिचर.
दर तुकडीसाठी बीकरात सौम्य आम्ल,
एक पट्टी जस्ताची, एक तांब्याची, दोन वायरी.
काटा हलला की पोरं ओरडायची.
तास संपला की पट्ट्या पुसून
ठेवायचो मीच.
जस्ताच्या दर जूनला नव्या मागवायच्या,
तांब्याची तीच,
माझ्या आधीच्या परिचराच्या हातची.

आणि माझ्याच न्हाणीघरात, भिंतीआड,
घंटा नाही, हजेरी नाही,
चौदा वर्षं तोच प्रयोग चालू.

मला लगेच काहीबाही सुचू लागलं:
दोन स्वभाव, मधे ओल,
थोरला भाऊ आणि मी, एका दुकानात…
"काका, जरा सरका," गफूर म्हणाला,
"उजेड अडतोय."

अयाजला त्याने बोहरी आळीत पिटाळलं,
नायलॉनची बुश असलेल्या युनियनसाठी.
मी म्हटलं, टेफ्लॉन गुंडाळला तर?
"टेप गळतीसाठी. आटे आवळले की चिरते,
धातूला धातू लागतोच.
मधे पितळ घातलं तरी बरं पडतं,
पण तुमचं बोअरचं पाणी, त्यात मीठ.
आणि हे कुणी केलंय, आधी तांबं मग लोखंड?
पाणी आधी लोखंडातून जाऊ द्यावं,
तांब्यावरून आलेलं पाणी
लोखंडाला भोवतं."
मग साबणाच्या स्टँडकडे बघून,
"ॲल्युमिनियमला स्टीलचे स्क्रू. चालतंय,
खाली रबर घाला.
उलटं असतं, एवढ्या मोठ्या पितळेत
बारका ॲल्युमिनियमचा स्क्रू,
तर वर्ष काढलं नसतं त्याने.
बारका आधी जातो.
गीझरची अर्थिंग पाइपावर सोडली नाही ना?
तेवढं वायरमनला दाखवा."

मला अख्खी श्रेणी पाठ आहे,
मॅग्नेशियमपासून सोन्यापर्यंत,
झोपेतून उठवलं तरी म्हणेन.
ती न्हाणीघरात आणायची
हे मात्र राहून गेलं.

संध्याकाळी सगळं बसलं.
नळ उघडायच्या आधी मी थांबवलं त्यांना,
माळ्यावरून गॅल्व्हानोमीटर काढला,
शाळेच्या भंगारातून सत्तर रुपयांना घेतलेला.
एक सेल मधे घालून
एक टोक ह्या पाइपाला, एक त्या.
अयाज डोळे बारीक करून बघत राहिला.
"बिघडलाय का?"
मी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली:
काटा धाडकन उजवीकडे.
पुन्हा पाइपांना लावली.
शून्य.

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच
काटा हलला नाही
आणि मला ओरडावंसं वाटलं.

अठराशे झाले, टाइल सोडून.
ती पिस्ता रंगाची टाइल आता कुठेच मिळत नाही,
तिथे सिमेंटचा करडा चौकोन आहे.
सून म्हणते, त्यावर स्टिकर लावू.
निपल मी खिडकीत ठेवलाय, कागदावर.
कागदाला रोज थोडा गंज लागतो.